मसाणखिडकीचा नाकेदार

फोनवर कुणी ‘कोण?’ असं विचारलं, की मी अजूनही बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगतो. घरातली पोरं तोंडावर हात ठेवून हसतात. एकदा तर बँकेच्या बंद दाराआडून शिपायानं ‘कोण आहे?’ म्हटलं, तेव्हा मी दाराला तोंड लावून नाव सांगितलं आणि ‘या’ असा शब्द येईपर्यंत उन्हात उभा राहिलो. शब्द काही आला नाही. बँक जेवणासाठी बंद होती. ही खोड मला उकंडाजींनी लावली. त्यांची आठवण काढायची म्हणजे माझ्या मूर्खपणाची आठवण काढायची, कारण आम्ही दोघं नगरपालिकेच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे होतो.

तेव्हा चंद्रपुराला सगळे चांदाच म्हणत. गावाभोवतीच्या तटाला, परकोटाला, मोठमोठे दरवाजे, आणि अधूनमधून खिडक्या. खिडकी म्हणजे घराला असते तशी नव्हे. एका वेळी चार खांदेकरी वाकून निघतील एवढं कमानीचं दगडी दार. आमच्या वॉर्डातली खिडकी नदीकडे उघडायची. पलीकडे उतार, उतारावर बाभळी आणि खाली घाट. वॉर्डातला प्रत्येक मेलेला माणूस तिथूनच बाहेर जाई, म्हणून तिला मसाणखिडकी म्हणत. जिवंत माणूस मौतीखेरीज तिथं फिरकत नसे.

त्या खिडकीच्या आतल्या अंगाला, अगदी लागून, उकंडाजींचं घर होतं. काळे, उंच, डोक्यावर खाकी टोपी. जकात नाक्यावर नाकेदार म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती, टोपी तिथली. डावं पाऊल जन्मापासून बाहेर वळलेलं. धुळीत उमटलेल्या पावलांवरून पोरं सांगत, उकंडाजी इकडून गेले. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हे जन्मले तेव्हा आजीनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि टाकलेलं पोर म्हणून उचलून घरी आणलं. नाव उकंडा. ‘मरनानं मले कचरा समजून सोडलं, वकीलसाहेब,’ असं ते मला मोठ्या ऐटीत सांगत, जणू मरणानं शिफारसपत्रच दिलं होतं.

मौत झाली की उकंडाजी कंदील पेटवून हजर. भर दुपारी, पांढऱ्या उन्हात, ज्योत दिसतही नसे असा पेटलेला कंदील घेऊन हा माणूस तिरडीच्या पुढे चाले. घाटावर पोचवून देई आणि सगळ्यांच्या आधी परत येऊन कमानीच्या आत उभा राही. मग लोक नदीत बुडी मारून, ओल्या धोतरांनी, उतार चढून येत. उकंडाजी प्रत्येकाच्या तोंडासमोर कंदील धरून विचारत, ‘कोन?’

ज्याच्या मांडीला मांडी लावून सकाळी चहा प्याला, त्यालाही हाच प्रश्न. त्यानं नाव सांगायचं, बापाचं सांगायचं, आणि उकंडाजी ‘या’ म्हणाले की आत पाऊल टाकायचं. कुणी थट्टेनं भलतंच नाव सांगितलं, तर त्याला ओल्या अंगानं पुन्हा नदीपर्यंत जावं लागे.

आता प्रश्न असा, की सगळ्यांच्या आधी परत येणाऱ्या उकंडाजींना कोण विचारणार? तर त्यांची बायको, सखूबाई. ती कमानीसमोर, आपल्या घराच्या ओट्यावर सूप घेऊन बसलेली असे. तांदळातून मान वर न करता म्हणे, ‘कोन?’ हे कमानीबाहेर उभे राहून सांगत, ‘मी, उकंडा.’ ती म्हणे, ‘या.’ चाळीसेक वर्षांच्या संसारात नवऱ्याला दर मयतीला नव्यानं ओळखून घरात घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. मी नुकताच नागपुराहून वकिली पास होऊन आलो होतो आणि दिसेल त्याची उलटतपासणी घ्यायची मला सवय लागली होती. उकंडाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसत.

‘माहा बाप मेला तवा मी पोरगा होतो,’ ते म्हणाले. ‘बापाले दमा होता. आम्ही त्याले जाळून आलो, कोनी कोनाले काई इचारलं नाई. दुसऱ्या दिवशी पडवीत खोकला आला. मायनं सवयीनं पानी नेलं. पडवीत कोनी नाई. तो खोकला आमच्या घरात किती वर्सं राह्यला, काई इचारू नका. मायनं रोज पानी ठेवलं. रोज तांब्या खाली.’

मी म्हटलं, मांजर पीत असेल.

‘असंन,’ ते म्हणाले आणि टोपी घातली. ‘मांजर खोकते का जी?’

तो दावा मी हरलो. पण तरुणपणी हरलेला दावा हरल्यासारखा वाटत नाही.

सखूबाई ऐन थंडीत गेली. मीही खांदा दिला होता. परतताना आम्ही खिडकीशी आलो तर उकंडाजी आत उभे नव्हते. बाहेरच, कमानीकडे तोंड करून, कंदील धरून उभे. मागे आमची ओल्या अंगांची रांग कुडकुडत होती. आत ओटा रिकामा. त्यावर सूप तसंच, अर्धे तांदूळ निवडलेले. कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, आता यांना कोण विचारणार?

उकंडाजी बराच वेळ उभे राहिले. मग कुणी काही विचारल्यावर माणूस मान किंचित पुढे करतो तशी त्यांनी केली आणि म्हणाले, ‘मी, उकंडा.’ पुन्हा थांबले. मग चेहरा सैल झाला आणि वाकून आत गेले. वळले, कंदील वर केला, आणि नेहमीच्या आवाजात पहिल्या माणसाला म्हणाले, ‘कोन?’

माझ्या मनात आलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. याची मी नोंद करून ठेवली, कारण पुढं त्याचा उपयोग होईल असं मला वाटलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नगरपालिकेची निवडणूक लागली. दोन गोष्टींवर लोकांचा राग होता. एक पाणी, दुसरी जकात. रानातून येणारा मोह, लाख, मध नाका चुकवून मसाणखिडकीतून आत येतो, अशी बोंब होती. मसणातून यायचं धाडस चोराखेरीज कोण करणार? खिडकी दगडांनी बुजवून टाकावी असा ठराव कचेरीत तयारच होता. नव्या मंडळानं फक्त हात वर करायचा. मी उमेदवारी भरली आणि जाहीर केलं की वॉर्डात नळ आणीन आणि खिडकी बुजवीन. मयतीसाठी मोठा दरवाजा आहेच की, तिथून न्या.

दुसऱ्या दिवशी उकंडाजींनी अर्ज भरला. त्यांना ना नळ हवा होता, ना पद. फक्त एक हात हवा होता, ठरावाच्या वेळी खाली राहणारा. ‘मेल्यानं जेथून जायाचं तेथूनच जावं,’ ते दारोदार सांगत. ‘बजारातून नेसान तर तो बजारातच राहीन.’ त्यांनी चिन्ह कंदील घेतलं होतं, आणि प्रचार म्हणजे काय, तोच पेटलेला कंदील घेऊन भर दुपारी दारात उभं राहायचं. आतून बाई विचारे, ‘कोण?’ हे खूश होऊन पूर्ण नाव सांगत. झाला प्रचार.

मी मात्र शास्त्रशुद्ध प्रचार करणार होतो. त्या काळी मतदान सोपं होतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. चिन्ह डोळ्यांत भरणारं हवं. मी विचार केला: माझा मुद्दा पाणी. पाणी म्हटलं की काय? मडकं. मी मडकं घेतलं.

वाचणाऱ्याच्या ध्यानात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मला माझ्या कल्पकतेचं इतकं कौतुक वाटलं की मी कुंभाराकडून कोरी मडकी आणवली, कार्यकर्त्यांना एकेक दिलं, आणि एका रविवारी भर दुपारी आमची मिरवणूक निघाली. सर्वांत पुढे मी. हातात मडकं, मागं वळून न पाहता, गंभीर चेहऱ्यानं, मसाणखिडकीच्या रोखानं.

तिरडीच्या पुढे मडकं धरून मयताचा मुलगाच चालतो, आणि तोही मागं वळून पाहत नाही. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. माझ्या स्वतःच्या बापाच्या वेळी मी ते मडकं धरलं होतं. पण कायद्याची परीक्षा पास झालं की माणसाच्या डोक्यात नवी जागा करायला जुनं सामान बाहेर काढतात की काय, कोण जाणे.

गल्लीत शिरलो तशी दारं लागू लागली. मला वाटलं, ऊन फार आहे. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि मला हात जोडले. मला वाटलं, मत पक्कं. एका दारातला माणूस चपला काढून उभा राहिला आणि आमच्या मागं चालू लागला. मग आणखी एक. घोषणा देणारी पोरं हळूहळू गप्प झाली. का, ते त्यांनाही सांगता येईना. खिडकीशी पोचलो तेव्हा मागं बरीच माणसं होती. सगळी अनवाणी, खाली माना घालून.

उकंडाजी ओट्यावरून उठले. त्यांनी माझ्या हातातल्या मडक्याकडे पाहिलं, मग आमच्या मागं पाहिलं, खांद्यांवर काय आहे ते शोधत असल्यासारखं. आणि अगदी हळू विचारलं, ‘कोन गेलं?’

मी म्हटलं, कुणी नाही, ही माझी प्रचारफेरी आहे.

ते हसले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर वॉर्डभर हसत फिरलो असतो. ‘मडकं इथवर आनलं, वकीलसाहेब. आता वापस नेता येत नाई. खाली ठेवून या.’

माझे कार्यकर्ते मला न विचारताच कमानीतून बाहेर पडले आणि उतारावर मडकी ठेवून आले. माझंही एकानं हातातून काढून नेलं. त्याच्या मागं मीही बाहेर गेलो. परतताना उकंडाजी कंदील घेऊन उभे. पोरांनी एकामागून एक नावं सांगितली, ‘या’ ऐकलं, आत गेली. माझी पाळी आली. ‘कोन?’

सगळा वॉर्ड बघत होता. प्रतिस्पर्ध्यापुढे उभं राहून, शाळेतल्या पोरासारखं, बापाचं नाव सांगायचं? मी म्हटलं, ‘मला ओळखता तुम्ही,’ आणि त्यांचा कंदिलाचा हात बाजूला सारून आत शिरलो. ते मागून एवढंच म्हणाले, ‘अरे, अरे.’ मुलाच्या हातून पाण्याचा तांब्या निसटताना म्हणावं तसं.

त्यानंतर त्यांनी प्रचार सोडला आणि माझ्या मागं लागले. संध्याकाळी आमच्या घरी आले, दारातूनच माझ्या आईला विचारलं, ‘बाई, वकीलसाहेब आले का घरी?’ आई म्हणाली, आले. ‘कसे आले?’ आईला कळेना. ‘त्याईले एकदा नाव इचारून घ्या,’ म्हणाले आणि गेले.

मग आई मी घरी आलो की चुलीपाशी बसूनच विचारू लागली, ‘कोन?’ मी हट्टानं म्हणायचो, ‘तुझा लेक, दुसरा कोण?’ नाव सांगत नसे. ती ताट वाढायची, पण वाढता वाढता मध्येच थांबून माझ्याकडे पाहायची. माझे हात, माझी कानशिलं, मी पाणी कसा पितो ते. आपल्या आईनं आपल्याला ताडून पाहावं, यासारखी जेवणावरची वासना उडवणारी गोष्ट नाही. खरं सांगायचं तर आरशासमोर दाढी करताना मीही जरा जास्त वेळ थांबू लागलो होतो.

मतमोजणी शाळेत झाली. बाहेरगावचा एक अधिकारी होता. कंदिलाची पेटी उघडली. चिठ्ठ्यांचा ढीग, त्यात हळदकुंकू, झेंडूची फुलं. लोक तेव्हा पेटीला देवच मानत, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मग माझी पेटी उघडली. चिठ्ठ्या मोजायला फार वेळ लागला नाही. पण पेटी रिकामी नव्हती. तळाशी काळे तीळ होते, मूठमूठ. तुळशीची पानं होती. एका कोपऱ्यात भाताचा वाळका गोळा होता. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, हे काय आहे? लोकांनी मत दुसऱ्याला दिलं होतं आणि मडक्यात, रीतीप्रमाणे, जे टाकायचं ते टाकलं होतं. माझ्या नावानं.

घरी येऊन मी आईला विचारलं, तू तरी मला मत दिलं होतंस ना?

‘मडक्यात तुह्या नावानं काई टाकाले हात झाला नाई, बाबू,’ ती म्हणाली.

‘मग कंदिलात टाकलंस?’

‘हो. तुले नाव इचारनारं कोनी तरी पायजे.’

उकंडाजी नगरपालिकेत गेले. पहिल्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर बसलो होतो. पडलेल्या उमेदवाराला तेवढीच जागा. हजेरी घेताना नाव पुकारलं, तर ते उठून म्हणाले, ‘मी, उकंडा,’ आणि अध्यक्ष काही बोलेपर्यंत उभेच राहिले. शेवटी कुणीतरी ‘या, बसा’ म्हटलं तेव्हा बसले. सभागृह हसलं, मी सर्वांत मोठ्यानं. मग खिडकी बुजवायचा ठराव आला. उकंडाजी दुसऱ्यांदा उठले.

‘दार लावनं सोपं हाय,’ ते म्हणाले. ‘पन लावाच्या आंधी आत कोन कोन हाय, ते पाहून घ्या.’

एवढंच. भाषण नाही, मुद्दा नाही. पण कुणी हसलं नाही. मी बाकावरून पाहत होतो: लांब टेबलाभोवतीचे ते सगळे शहाणे लोक हळूच एकमेकांकडे पाहू लागले, मग शेजारच्या खुर्चीकडे, मग माना वळवून आपल्या मागं. अध्यक्षांनी ठराव पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तहकूब केला.

तो उन्हाळा उकंडाजींना पुरा मिळाला नाही. चैत्र सरता सरता, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या गेले. कंदील शेजारी होता. त्यांची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी चिन्ह बैल घेतलं आणि कुणी विरोधात नसल्यामुळे निवडूनही आलो. ठराव पुन्हा आला. हात वर झाले. मी सोडून बरोबरी झाली, आणि सगळे माझ्याकडे वळले, कारण खिडकी बुजवीन हे माझंच वचन होतं. मी हात खाली ठेवला. ठराव पडला. कारण विचारलं तेव्हा मी रहदारी, आरोग्य आणि परकोटाच्या भक्कमपणाबद्दल बरंच काही बोललो. त्यात एक शब्द खरा नव्हता. खरं कारण उकंडाजींच्या मयतीच्या दिवशीचं होतं.

त्यांना पोचवून आम्ही उतार चढून आलो आणि खिडकीबाहेर थांबलो. आत कंदील घेऊन उभं राहणारं कुणी नव्हतं. मोठमोठी माणसं, ओल्या धोतरांनी, उन्हात, कमानीकडे पाहत उभी. विचारायला कुणीतरी आधी आत गेलं पाहिजे, आणि जो आधी जाईल तो न विचारता जाणार. कुणी पाऊल उचलेना. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, ‘वकीलसाहेब जातीन. थे एकदा तसेच आले हायेत.’

मी गेलो. ओट्यावरून कंदील घेतला. कुणीतरी तो पेटवून ठेवला होता. कमानीच्या आत उभा राहिलो आणि माझा नागपुरी आवाज जमेल तितका जाड करून विचारलं, ‘कोण?’ एकेक जण नाव सांगत आला. मी ‘या’ म्हणत गेलो. त्यांची ओली पावलं कमानीआतल्या दगडी फरशीवर उमटायची आणि पुढचा माणूस येईपर्यंत वाळून जायची, एवढं ऊन होतं. सगळे गेले. गल्ली सामसूम झाली. मीही निघायला हवं होतं. पण हाताला एकदा सवय लागली की तो थांबत नाही. मी रिकाम्या कमानीसमोर कंदील धरला आणि पुन्हा एकदा म्हटलं, ‘कोण?’

बाहेर उतार, बाभळी, आणि पांढरं ऊन. कुणी उत्तर दिलं नाही. मी निदान ऐकलं नाही.

पण माझ्या पाठीमागून, ओट्यावरून, एक बाई कामातून मान वर न करता बोलते तशी म्हणाली, ‘या.’

मी वळलो. ओटा रिकामा. फरशी कोरडी ठणठणीत होती, आणि तिच्यावर कमानीपासून ओट्यापर्यंत माझ्या अगदी अंगाजवळून गेलेली ओली पावलं होती. उजवं सरळ. डावं बाहेर वळलेलं. मी पाहत असतानाच ती मागून एकेक करून वाळत चालली.

मी कंदील खाली ठेवला. मग ओट्याकडे तोंड करून, कुणी विचारलं नव्हतं तरी, माझं नाव सांगितलं, प्रभाकर, बापाचं सांगितलं, गोविंद, आणि उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. ओट्याच्या पायरीवरचं ते शेवटचं डावं पाऊल तेवढं अजून ओलं होतं. मग तेही वाळलं. मला कुणी ‘या’ म्हटलं नाही.